उत्तर न काढण्याचा सराव

फळ्यावर '३न + ५' एवढंच लिहून मी बाजूला झाले, की सहावी-सातवीतली बरीच मुलं वहीत '८न' लिहून मोकळी होतात. काही करा असं कुणी सांगितलेलं नसतं. दोन आकडे आणि मध्ये अधिकचं चिन्ह दिसलं, की हात आपोआप चालतो. बैजिक राशी, म्हणजे '३न + ५'सारखी आकडे आणि अक्षरं मिळून केलेली मांडणी, शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ या '८न'वर जातो, आणि तो जायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

मी इंदूरला लोकमान्यनगरात सुट्टीच्या दिवशी मराठी घरांतल्या मुलांचा गणिताचा वर्ग घेते. सहावी ते आठवीची मुलं. घरी मराठी, शाळा कुणाची इंग्रजी माध्यमाची तर कुणाची हिंदी, आणि खेळताना इंदुरी हिंदी. त्यामुळे एकाच बाकावर संख्येच्या जागी येणाऱ्या अक्षराला कुणी 'व्हेरिएबल' म्हणतं, कुणी 'चर', मी 'चल' म्हणते. तिन्ही शब्द चालतात, त्यावर आम्ही अडत नाही. अडतो ते दुसरीकडेच.

पहिलीपासून पाचवीपर्यंत मुलांनी बरोबरचं चिन्ह एकाच कामासाठी वापरलेलं असतं: डावीकडे गणित, उजवीकडे उत्तर. म्हणून अक्षर आणण्याच्या आधी मी हे मांडते:

८ + ४ = □ + ५

चौकोनात काय येईल? बहुतेक १२ लिहितात. काही १७ लिहितात, म्हणजे दिसले तेवढे सगळे आकडे मिळवून टाकतात. ७ लिहिणारे थोडे. हा प्रश्न शिक्षणाच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना विचारलेला आहे आणि तिथेही १२ आणि १७ हीच उत्तरं वारंवार आली आहेत. तेव्हा हा आमच्या मुलांचा कच्चेपणा म्हणता येत नाही. त्यांनी जे वर्षानुवर्षं पाहिलं, त्यावरून काढलेला तो सरळ अंदाज आहे. मी फक्त एवढंच विचारते, "डावीकडे किती आहेत? उजवीकडे तुझे १२ आणि हे ५ मिळून किती झाले?" सतरा म्हणता म्हणता मूल स्वतःच थांबतं.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. पेन्सिल खाली ठेवायची, तोंडीसुद्धा बेरीज करायची नाही, आणि सांगायचं: ४८ + ३७ मोठं की ४९ + ३६? सुरुवातीला मुलं अस्वस्थ होतात. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, पर उत्तर काढल्याशिवाय कळणार कसं?" त्याच्या शेजारच्या मुलीने बोटांनी हवेत दाखवलं, "अरे, इकडे एक वाढला, तिकडे एक कमी झाला. सेम आहे." त्याला पटलं नाही. त्याने चोरून बेरीज केली, दोन्हीकडे ८५ आले, आणि मग तो तिच्याकडे बघतच राहिला.

मग वजाबाकी. ८७ − २९ आणि ८८ − ३०. इथे दोन्ही एकाने वाढलेत, तरी फरक तोच. १२३ − ५७ मोठं की १२३ − ५८? इथे निम्मा वर्ग चुकतो, कारण ५८ मोठा दिसतो. मग गुणाकार: ६ × १९ आणि ६ × २० − ६. अशी उदाहरणं मी भरपूर देते, घाई करत नाही. यात मुलं शिकतात की '४८ + ३७' हे नुसतं करायचं काम नाही. ती स्वतःच एक संख्या आहे, न उलगडता हातात धरता येते, दुसरीशी ताडून पाहता येते. एकदा हे बसलं की '३न + ५' तसंच ठेवायला मुलांना भीती वाटत नाही. ज्यांचं हे बसलेलं नसतं, त्यांना पुढचे सगळे नियम पाठ करावे लागतात आणि ते सहामाहीपर्यंत विसरतात.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी अंकांच्या पदावल्यांवरून, म्हणजे '४८ + ३७'सारख्या मांडण्यांवरून, बीजगणिताकडे जाण्याची एक पद्धत विकसित केली आहे, तिच्या मध्यभागी 'पद' ही कल्पना आहे. मी ती वापरते आणि ती खरंच चालते. ३० − १२ + ५ लिहायचं आणि प्रत्येक पदाला त्याच्या चिन्हासकट चौकट करायची: +३०, −१२, +५. ज्या मुलांचं उत्तर आधी १३ येत असे, म्हणजे जी १२ आणि ५ मिळवून मग ३० मधून घालवायची, त्यांना चौकटी केल्यावर दिसतं की वजा फक्त बाराचा आहे. पदं मागेपुढे हलवा, चिन्ह त्याच्या पदाबरोबर जातं, किंमत बदलत नाही. पुढे ७न − ४ + २न आलं, की वेगळं काही शिकवावंच लागत नाही. एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या पुस्तकात, जे २०२५ मध्ये आलं, अक्षरांच्या धड्याआधी नुसत्या अंकांच्या पदावल्यांचा एक पूर्ण धडा आहे. तो पाहून मला मनापासून बरं वाटलं. पालकांना मात्र तो धडा 'सोपा' वाटतो आणि पटकन संपवा असं त्यांचं म्हणणं असतं. मी प्रत्येक पालकाला सांगते, तो धडा ओलांडून जाऊ नका.

अक्षर आणताना मी ठिपक्यांची रांगोळी घेते. इथे माळव्यात अंगणात मांडणे काढतात, गेरू आणि खडूच्या रेघांचे. आमच्या मराठी घरांत मात्र दिवाळीला अजून ठिपक्यांचा कागद निघतोच, आणि '५ ते १' म्हटलं की मुलींनाच काय, मुलांनाही कळतं: मधल्या ओळीत पाच ठिपके, वर आणि खाली, मधल्या जागांवर, चार, तीन, दोन, एक. मी हॉलच्या फरशीवर खडूने '५ ते १' मांडते आणि विचारते, "कडेकडेचे ठिपके किती? मोजून सांगू नका. कसे मोजायचे ते सांगा."

उत्तर सोळा आहे हे सगळ्यांना लगेच दिसतं. पण रीत प्रत्येकाची वेगळी. एकजण म्हणाला, चार बाजू, प्रत्येकीवर पाच, म्हणून ४ × ५. पण कोपऱ्यातले चार दोनदा मोजले, ते काढा: ४ × ५ − ४. दुसरीने प्रत्येक बाजूचा शेवटचा ठिपका पुढच्या बाजूला देऊन टाकला: ४ × ४. तिसऱ्याने दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण घेतल्या आणि उरलेल्या दोनमधले फक्त आतले ठिपके: ५ + ५ + ३ + ३. एकीने फिरत फिरत मोजले, पहिली बाजू पाच, मग चार, मग चार, मग तीन. सगळ्यात निराळी रीत सहावीतल्या एका मुलीची. तिने बाजू पाहिल्याच नाहीत, ओळी पाहिल्या. सगळ्यात वर एक, सगळ्यात खाली एक, आणि मधल्या सात ओळींत प्रत्येकी दोन टोकं: २ × ७ + २. तिची आजी रांगोळी ओळीओळीने भरते, म्हणून तिला तसं दिसलं असणार.

या सगळ्या रीती फळ्यावर उत्तर न काढता तशाच लिहून ठेवायच्या. इथे मागचा सराव कामाला येतो. ५ + ५ + ३ + ३ चं १६ केलं, की रीत पुसली जाते. सोळामध्ये रांगोळी दिसत नाही. ५ + ५ + ३ + ३ मध्ये दिसते.

मग मी विचारते, '१० ते १' असेल तर? प्रत्येकाने आपापल्या रीतीने सांगायचं. ४ × १० − ४. १० + १० + ८ + ८. '१०० ते १'? फरशीवर मावणार नाही, तरी ३९६ कुणालाही सांगता येतात. "आता किती ते एक, ते मी सांगणार नाही. तरी मला रीत लिहून द्या." थोडा वेळ गोंधळ होतो. मग कुणीतरी लिहितं: 'जेवढे ठिपके असतील त्याची चौपट, वजा चार.' हे वाक्य आलं की अर्धं काम झालं. 'जेवढे ठिपके असतील' हे दर वेळी कोण लिहिणार, म्हणून एक अक्षर. आमच्या वर्गात बहुतेकदा 'न' येतो, कधी 'ठ'ही येतो. शाळेत जाऊन तेच एक्स होतं. ४न − ४.

याच वेळी मी मुलांना भास्कराचार्य दाखवते. इ. स. ११५० च्या सुमारास त्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येसाठी यावत्तावत् (जेवढं असेल तेवढं) मधला 'या' वापरला, पुढच्यांसाठी रंगांची नावं घेतली: कालकाचा 'का', नीलकाचा 'नी'. सुट्या संख्येपुढे 'रू'. म्हणजे आपली ३न + ५ त्या लेखनात 'या ३ रू ५' अशी येते. वजा संख्येवर टिंब. आणि नियम असा, की एका जातीच्या राशी मिळवा किंवा वजा करा, वेगळ्या जातीच्या असतील तर वेगळ्या राहू द्या. मुलं मग आपल्या वह्यांत या, का, नी वापरून गणितं लिहितात आणि एकमेकांना सोडवायला देतात. 'या ३ रू ५' पुढे आठ लिहायला सहसा कुणाचा हात धजत नाही. एक्स-वायची पद्धत पुष्कळ नंतरची, फ्रेंच गणिती डेकार्तच्या १६३७ मधल्या ग्रंथापासून रुळलेली. त्यामुळे अक्षर कोणतं यात काही अडलेलं नाही, हे मुलांना आपसूक कळतं.

आता फळ्यावर पाच राशी असतात: ४न − ४, ४(न − १), न + न + (न − २) + (न − २), न + (न − १) + (न − १) + (न − २), आणि ओळींवाली २(२न − ३) + २. पाचही जणांनी तेच ठिपके मोजलेत, मग राशी एकच असायला हव्यात. त्या एकच आहेत हे रांगोळीकडे न बघता दाखवता येईल का? इथे सजातीय, म्हणजे एकाच जातीची, पदं मिळवण्याला आणि कंस सोडवण्याला कारण मिळतं. 'सरळ रूप द्या' असं नुसतं म्हटलं, तर का द्यायचं ते मुलाला कळत नाही. इथे त्याला आपली रीत बरोबर आहे हे सिद्ध करायचं असतं. ओळींवाल्या मुलीने ४न − ६ + २ केलं, मग ४न − ४, आणि वहीत त्याच्याभोवती तिने दुहेरी चौकट काढली.

एका मुलाने न च्या जागी १ घातला. '१ ते १' म्हणजे एकच ठिपका. पण ४ × १ − ४ म्हणजे शून्य. "काकू, ठिपका तर आहे ना!" हा प्रश्न कुठल्याही धड्यात दिलेला नाही आणि मी तो टाळत नाही. आम्ही पाचही रीतींत १ घालून पाहिला, सगळीकडे शून्य. मग चित्राकडे परत गेलो. चार कोपरे वेगळे आहेत हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. एकाच ठिपक्यात चारही कोपरे एकावर एक येतात, वरची ओळ आणि खालची ओळही एकच होते. म्हणून रीत २ पासून पुढे लागू. राशी कुठपर्यंत चालते हे विचारायचं असतं, हे सातवीच्या मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

मग पुन्हा '३न + ५'. आता '८न' लिहिणारे कमी होतात, पण उरतात. मी चूक म्हणत नाही. "किंमत घालून बघा," म्हणते. सातवीतल्या एका मुलीने न = १ घेतला. ३ + ५ = ८. ८ × १ = ८. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचं गणित बिनचूक होतं. मी वर्गाला म्हटलं, ही म्हणते बरोबर आहे, पटवून द्या किंवा खोडून काढा. मागून कुणीतरी २ घातला: ११ आणि १६. शून्य घातला: ५ आणि ०. मुलगी हिरमुसली नाही, उलट तिने विचारलं की मग एकाला का जुळलं? तिनेच नंतर शोधलं, की १ ने गुणलं काय आणि नाही गुणलं काय, सारखंच, म्हणून ३न आणि ३ यांत तिथे फरकच उरत नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात नियम आहे: तपासायला १ आणि ० घ्यायचे नाहीत, आणि दोन वेगळ्या किंमती घ्यायच्या. किंमत घालून राशी खोटी पाडता येते, खरी ठरवायला मात्र पदंच मिळवावी लागतात.

किंमत घालताना आणखी एक गोष्ट कायम होते. न = ४ असेल तर ३न म्हणजे ३४, असं मुलं लिहितात. मुलाला न च्या जागी ४ ठेवायला सांगितलं, त्याने ठेवला. ३ आणि न यांच्यामध्ये न लिहिलेला गुणाकार आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून सुरुवातीचे बरेच दिवस आम्ही ३ × न असंच लिहितो. गुणाकाराचं चिन्ह मुलं स्वतः कंटाळून गाळेपर्यंत मी ते गाळत नाही.

आता ज्याची मला खरी चीड आहे, ते. काही गाइडांत आणि शिकवण्यांत अक्षराची ओळख अशी करून देतात: अ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी, ३अ + २क म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी, आंबे आणि केळी मिळवता येत नाहीत, म्हणून विजातीय पदं मिळवत नाहीत. त्या दिवशी मुलाला झटकन कळल्यासारखं वाटतं. पण अक्षर ही वस्तू आहे हे त्याच्या मनात पक्कं बसतं, आणि पुढे अ × क आलं की आंबे गुणिले केळी म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही. आठवीत अ² आला की तर सगळंच कोसळतं.

तपासायला मी पोहे-जलेबी घेते, इंदूरच्या मुलांना याहून जवळचं काय? पोह्यांच्या प्लेटला प रुपये, जलेबीच्या प्लेटला ज रुपये. ३प + २ज म्हणजे काय?

"तीन पोहे, दोन जलेबी."

"प म्हणजे काय सांगितलं होतं?"

"पोहे."

"परत वाच."

"पोह्यांच्या प्लेटला प... रुपये." मग जरा थांबून, "मग हे बिल झालं?"

हो, बिल. पैसे. एक संख्या. पोहे २० चे झाले की राशी तीच, बिल बदललं. हे एकदा बोलून होत नाही. मी मुद्दाम अशीच अक्षरं घेते, ज्यांनी मुलं फसतील, आणि दर वेळी विचारते, "हे अक्षर कशाची संख्या आहे?" रुपयांची, ठिपक्यांची, किलोमीटरची, मुलांची. उत्तरात 'संख्या' हा शब्द आलाच पाहिजे.

हा गोंधळ लहान मुलांपुरता नाही. 'एका शिक्षकामागे सहा विद्यार्थी आहेत' हे अक्षरांत लिहा म्हटलं की पुष्कळजण ६व = श लिहितात, म्हणजे 'सहा विद्यार्थी, एक शिक्षक' असं वाचल्याच्या क्रमाने. असा प्रश्न अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना घातला होता आणि त्यांच्यातलेही कितीतरी उलटं लिहून बसले. खरं तर विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या सहापट, म्हणजे व = ६श. आमच्या वर्गात मी एवढंच करायला लावते: शिक्षक ५ धरा, विद्यार्थी किती? ३०. आता दोन्ही समीकरणांत घालून पाहा.

एकपदी, द्विपदी, सहगुणक, स्थिर पद ही नावं मी शेवटी देते, एका बैठकीत उरकते. परीक्षेत विचारतात, म्हणून यायला हवीत, आणि तोवर मुलांनी ती सगळी रोज हाताळलेली असतात. वजा कंसाबाहेर आला की आतली चिन्हं बदलतात, त्यासाठी मात्र पुन्हा आकड्यांकडे जावं लागतं: १०० − (४० + ३) आणि १०० − ४० − ३. ते जमल्यावरच १०० − (न + ३).

आठवीच्या मुलांना सध्या दुसरी रांगोळी दिली आहे, '१५ ते ८', सहा बाजूंची. प्रश्न आता सगळ्या ठिपक्यांचा आहे. कडेच्या बाजूवर न ठिपके धरले, तर मधल्या ओळीत २न − १ येतात, एवढं सगळ्यांना जमलं. एका मुलाने मधला ठिपका सोडून उरलेली रांगोळी तीन सारख्या तुकड्यांत कापली, प्रत्येक तुकड्यात न ओळी आणि प्रत्येक ओळीत न − १ ठिपके, आणि लिहिलं ३न(न − १) + १. न = ८ घालून १६९ आले. दुसऱ्या गटाने १५ + २(१४ + १३ + … + ८) करून तेवढेच आणले, पण त्यांना ते अक्षरात अजून लिहिता आलेलं नाही. त्यांनी मला सांगू नका असं बजावलं आहे, म्हणून मी सांगितलेलं नाही.